'स्वयं' म्हणजे कोण?

एकलहऱ्याच्या धुराड्याखाली वाढलेल्या पोरांनो, ऐका. 22 जून 2016 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-34 उडालं. एका झेपेत वीस उपग्रह. त्यातला एक पुण्याच्या सीओईपीतल्या पोरापोरींनी बनवलेला, नाव 'स्वयं'. वजन जेमतेम एक किलो. बापाच्या जेवणाच्या डब्याएवढा. आत लोहचुंबक. इंधन नाही, मोटर नाही. होकायंत्राच्या काट्यासारखा पृथ्वीच्या चुंबकी ओढीनं आपोआप वळायचा. हे जमतं का, तेवढंच दाखवायचं होतं.

आता आपल्यातलेच काही शहाणे म्हणतील, भाकर नाही तिथं उपग्रह कशाला? असलं बोलू नका. ही भाषा त्यांना लई सोयीची हाय. भाकरीचं रडगाणं तुमचं, आभाळ आमचं, ही त्यांचीच वाटणी. एकलहऱ्याचं वीजकेंद्र बघा. वीज शहराला, राख गावाला. म्हणून वीजच नको म्हणायचं? राखेचा जाब विचारायचा नि वीजही मागायची. उपग्रहाचंही तसंच.

भांडण यंत्राशी नाही. यंत्रापाशी कुणाला उभं करतात, त्याच्याशी हाय. 19 एप्रिल 1975 ला 'आर्यभट' सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला. देशाचा पहिला उपग्रह, तोही प्रयोगच. दोन महिन्यांनी, जूनमध्ये, केंद्र सरकारचा कागद निघाला: संशोधनाच्या शास्त्रीय नि तांत्रिक जागा, वर्ग एकच्या सगळ्यांत खालच्या पायरीच्या वरच्या, त्यांना आरक्षणातून सूट देता येईल. समजलं ना? झाडूच्या जागेला सूट कुणी मागितली नाही. तिथं आपण न मागता भरलेले.

वर गुणवत्ता सांगतात! उड्डाणाआधी रॉकेटची प्रतिकृती तिरुपतीच्या पायाशी नेणारे आम्हाला विज्ञान शिकवणार. इथं नाशकात 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांची माणसं काळारामाच्या दारात उभी राहिली. देव पाहिजे म्हणून नव्हे, माणूस म्हणून हक्क पाहिजे म्हणून. आज दुसरं दार हाय, प्रयोगशाळेचं. तिथं आत गेलेली आपली माणसं मोजा. मोजलं की कळतं 'स्वयं' म्हणजे कोण.

एकलहऱ्यातही इंजिनियरिंग कॉलेज हाय. 'स्वयं' ज्या हॅम रेडिओवर बोलायला बनवला, त्याचं लायसन परीक्षा देऊन मिळतं. जात विचारत नाहीत. आधी ती परीक्षा द्या. मग कॉलेजात उपग्रहाची टोळी जमवा. जमली, की यादीत वस्तीतली नावं किती, ते बघायला मी येणार.