मीटर अचूक, गुणक चुकीचा

स्मार्ट मीटरविषयीचा वाद गोव्यात बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो : नवा मीटर जुन्यापेक्षा वेगाने पळतो का? प्रश्न स्वाभाविक आहे. पण घरगुती मीटरला मानकानुसार साधारण एक टक्का चूक माफ असते. बिल दुप्पट किंवा निम्मे होते ते बहुधा मीटरच्या सेटिंगमुळे, आणि ग्राहकाचे लक्ष नेमके तिथेच जात नाही.

मोठा वीजवापर असलेल्या हॉटेलांत किंवा कारखान्यांत सगळा प्रवाह मीटरमधून जात नाही. सीटी नावाचे उपकरण तो ठरावीक प्रमाणात कमी करून मीटरला देते आणि बिल काढताना वाचनाला गुणकाने गुणले जाते. १००/५ ची सीटी असेल तर गुणक २०, २००/५ ची असेल तर ४०. नोंदीत या दोहोंची अदलाबदल झाली की निर्दोष मीटरवरूनही चुकीचे बिल निघते. हरियाणातील एका कंपनीच्या बाबतीत गुणक १० ऐवजी ५ धरला गेला होता. तीन वर्षांनी वितरण कंपनीने सुमारे १ कोटी ३५ लाख रुपयांची फरकाची मागणी केली. ही सेवेतील त्रुटी असल्याचा ग्राहकाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये फेटाळला. थोडक्यात, चूक पुरवठादाराची असली तरी थकबाकी ग्राहकाच्या दारी येते. आपल्या उद्योजकांनी हा निकाल वाचून ठेवावा.

घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने आता अधिक नाजूक बाब आहे ती छतावरच्या सौर पॅनेलची. वीजचोरीला आळा बसावा म्हणून साधे मीटर प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी तो वापरच समजतात. नेट मीटरिंगसाठी आयात आणि निर्यात वेगवेगळी मोजणारी सेटिंग लागते. ती बदलण्याआधीच पॅनेल सुरू झाले, तर ग्राहक ग्रीडला वीज देतो आणि तिचेच पैसेही भरतो! पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, हे ध्यानात घेतले तर ही शक्यता दुर्लक्षिण्याजोगी नाही.

त्यात कालनिहाय दरांची भर. २०२३ मध्ये दुरुस्त झालेल्या केंद्रीय नियमांनुसार सौर तासांत दर किमान २० टक्के कमी, तर सर्वाधिक मागणीच्या तासांत घरगुती ग्राहकांना किमान १० टक्के जास्त. मीटरमधले घड्याळ चुकले तर स्वस्त वीज महाग दराने नोंदली जाईल.

तक्रारीला वाट आहे. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार वाचनाबद्दल तक्रार येताच पाच दिवसांत पडताळणीचा मीटर बसवून किमान तीन महिने वापर तपासायचा असतो. परंतु हा दुसरा मीटरही त्याच चुकीच्या सेटिंगने बसवला, तर दोन्ही आकडे जुळतील आणि तक्रार निकाली निघेल. म्हणून सीटीचे प्रमाण, गुणक, मोजणीची दिशा, कालपट्टे आणि यांत शेवटचा बदल केव्हा झाला, एवढा तपशील प्रत्येक बिलावर छापला जायला हवा. दूरनियंत्रणाने सेटिंग बदलता येणाऱ्या मीटरच्या बाबतीत तर ही किमान अपेक्षा आहे. गोव्याचे वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो. त्याच्या पुढील जनसुनावणीत ग्राहकांना ही मागणी लेखी मांडता येईल.