शेवटच्या ओव्हर्स, कल्याणचा पोरगा

भिवंडीतल्या आमच्या गोदामात मार्च एंडचं नकोसं काम कुणाच्या गळ्यात पडतं? ज्याचं कुणाला नावही आठवत नाही, त्याच्या! क्रिकेटमध्ये त्याच कामाला डेथ ओव्हर्स म्हणतात. म्हणून मला खाडीपलीकडचा, कल्याणचा तुषार देशपांडे जाम आवडतो. २००७ साली शिवाजी पार्क जिमखान्याच्या ट्रायलला गेला होता बॅटिंगसाठी; तिथली रांग लांबलचक, म्हणून शिरला बोलर्सच्या रांगेत. २०२३ च्या आयपीएलमध्ये, स्पर्धेतला पहिलावहिला इम्पॅक्ट प्लेअर म्हणून उतरला आणि ३.२ ओव्हर्समध्ये ५१ रन्स देऊन आला. पुढच्याच मॅचनंतर वाइड-नोबॉलवरून धोनीने बोलर्सना जाहीर तंबी दिली. आमच्याकडे एवढ्यावर माणूस नाइट शिफ्टला जातो, बॉस! धोनीने मात्र बॉल काढून घेतला नाही, अगदी शेवटच्या ओव्हर्समध्येही. सीझनअखेर २१ विकेट्स, चेन्नईत सर्वाधिक, वर ट्रॉफी. इकॉनॉमी जवळपास दहाची, म्हणजे मार खातखातच काढल्या. जुलै २०२४ मध्ये हरारेत इंडिया कॅप मिळाली. आणि बॅटिंग? त्याच वर्षी फेब्रुवारीत रणजीत बडोद्याविरुद्ध अकराव्या नंबरवर येऊन १२३ ठोकल्या.