उपवास, नवस आणि रोजची गोळी



उपवासकाळ जवळ आला की धर्मग्रामातील माणसे धर्मगुरूंना नाना प्रश्न विचारतात. मांस कोणत्या दिवशी वर्ज्य, वृद्धांनी उपवास धरावा की नाही, हे प्रश्न चारचौघांत विचारले जातात. परंतु एक प्रश्न असा आहे, की तो इतर सारे घरी गेल्यावर, देवळाच्या पडवीत, हलक्या आवाजात विचारला जातो : उपवासाच्या दिवशी गोळी घेतलेली चालते का? आणि ती गोळी पुष्कळदा एच.आय.व्ही.ची असते.

त्याचे उत्तर आम्ही येथे उघडपणे देत आहो. कारण विचारणारे थोडे, आणि न विचारताच गोळी बाजूस ठेवणारे अधिक असावेत, अशी आम्हांस धास्ती वाटते. उपवासाच्या दिवशी गोळी चालते, एवढेच नव्हे, तर ती घेतलीच पाहिजे. आपल्या आजीआजोबांच्या काळी कम्युनियन स्वीकारणारा मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घेत नसे. त्या शिस्तीची छाया अजून आपल्या मनांवर आहे. परंतु १९५३ साली पोप बारावे पायस ह्यांनी पाण्याने हा उपवास मोडत नाही असे ठरविले. १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी त्याची मुदत एका तासावर आणली. आणि आजच्या ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ९१९ वे कलम पाणी व औषध ह्या दोहोंस स्पष्टपणे वगळते. राखेच्या बुधवारचा व शुभ शुक्रवारचा उपवास अन्नाचा आहे, औषधाचा नव्हे. आजारामुळे ज्यास तो झेपत नाही, त्याच्यावर त्याचे बंधनही नाही.

ही गोळी एक दिवसही का चुकवू नये, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्या वेळी गोळ्या दिवसातून दोनदा घ्याव्या लागत. आज बहुतेक प्रौढ रुग्णांस टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदाच मिळतात; ती जेवून घ्या वा उपाशीपोटी घ्या. ही औषधे विषाणूची वाढ थांबवितात, परंतु त्याचा समूळ नाश करीत नाहीत. काही पेशींत तो निद्रिस्त राहतो. शेतातील हरळी वरून खुरपून काढली तरी तिची मुळे मातीत राहतात, आणि खुरपे थांबले की ती पुन्हा डोके वर काढते, तसेच हे आहे. शिवाय गोळी कधी घेतली, कधी सोडली, असे होऊ लागले म्हणजे विषाणू त्या औषधास सरावतो, आणि मग तेच औषध निरुपयोगी ठरते.

खरा धोका येथेच आहे. काही महिने गोळी नेमाने घेतली की रक्ताच्या तपासणीत, म्हणजे ‘व्हायरल लोड’ तपासणीत, विषाणू दिसेनासा होतो. घरात आनंद होतो. कोणी नवस फेडतो, कोणी कृतज्ञतेचा मिस्सा सांगतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच आनंदात कोणी गोळी बंद करतो. प्रार्थनाशिबिराहून परतलेला कोणी म्हणतो, की आता गोळी घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे. बंधूंनो, ही श्रद्धा नव्हे. विषाणू न दिसणे हे गोळीचे फळ आहे. गोळी सोडण्याची परवानगी नव्हे. सिराकच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखावयास शिकवितो. प्रभू येशूने दहा कुष्ठरोग्यांस बरे केले, तेव्हाही त्यांस याजकांकडे जाऊन स्वतःस दाखविण्यास सांगितले. आपणांस बरे वाटते असे ज्यास वाटेल, त्याने डॉक्टरांस दाखवावे, आणि डॉक्टर सांगेपर्यंत गोळी सोडू नये.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. गोळीची वेळ एकच ठरवावी. सायंकाळच्या रोजरीशी ती जोडली तर आठवण आपोआप राहते. एखादे दिवशी विसर पडलाच तर आठवताच घ्यावी, परंतु दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. ॲसिडिटीवरील ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियमयुक्त औषध डोल्युटेग्राविरला अडविते. म्हणून असे औषध घेण्यापूर्वी दोन तास, अथवा घेतल्यावर सहा तासांनी, ही गोळी घ्यावी. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हाच नियम. मात्र जेवणासोबत असतील तर त्या हिच्याबरोबर घेता येतात. क्षयाचे औषध सुरू झाले, किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर ते डॉक्टरांस अवश्य सांगावे. क्षयाच्या रिफाम्पिसिनबरोबर डोल्युटेग्राविरची आणखी एक गोळी द्यावी लागते. झाडपाल्याचे औषधही लपवू नये. मूत्रपिंडाची तपासणी चुकवू नये. ज्यास कावीळ ‘ब’ही आहे, त्याने ही गोळी अचानक सोडल्यास यकृतास मोठा अपाय होऊ शकतो. नवऱ्याच्या बाटलीतील गोळी बायकोने घेऊ नये. ज्याची त्याची औषधयोजना वेगळी असू शकते. कामासाठी गोव्यास वा अन्यत्र जाताना आपल्या ए.आर.टी. केंद्रास आधी कळवावे, म्हणजे पुरेसा साठा घेता येतो किंवा तिकडील केंद्राशी जोडून घेता येते.

गोळी चुकण्याचे कारण पुष्कळदा विसर नसून भीती असते. सासूस कळेल म्हणून सून बाटलीवरची चिठ्ठी फाडते, गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतते, त्यांना दमट हवा लागते. पाहुणे आले की गोळी राहूनच जाते. अशा घरांस आमचे सांगणे असे, की एका भांड्यात जेवल्याने वा एका छपराखाली राहिल्याने हा रोग लागत नाही. पुणे व चेन्नईसह नऊ देशांतील १,७६३ जोडप्यांचा अभ्यास झाला, तेव्हा ज्यांचा विषाणू औषधाने पुरता ताब्यात राहिला, त्यांच्याकडून जोडीदारास लागण झाल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. गरोदर मातेने गोळी नेमाने घेतली, तर बाळासही रोगापासून वाचविता येते. म्हणजे ही एक गोळी घेणाऱ्याचेच नव्हे, तर साऱ्या घराचे रक्षण करते.

रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा रोग जाहीर करणे, वा त्यापायी त्यास कामावरून वा शाळेतून काढणे, २०१७ च्या कायद्याने मना केले आहे. तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. शंका असल्यास १०९७ ह्या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते.

ह्या उपवासकाळात सोडावयाचेच असेल तर शेजाऱ्याच्या आजाराची कुजबुज सोडा. ज्या घरात अशी बाटली आहे, तेथे कोणी तरी रात्री जेवणे आटोपल्यावर सहज, प्रेमाने विचारावे : ‘गोळी घेतलीस ना?’ त्याहून मोठा उपवास आम्ही तुम्हांस सांगत नाही.