चार हात भूमी पाहून

आमच्या सासूबाईंना विलेपार्ल्यात येऊन ५२ वर्षे झाली. कोल्हापूरकडून लग्न होऊन त्या आल्या, तेव्हा स्थानकाच्या पूर्वेला उतरताच बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास येत असे. तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि आमच्या मुलांना तो वास ठाऊकच नाही. मात्र सासूबाईंनाही एक गोष्ट ठाऊक नव्हती. पार्ल्याहून धीम्या गाडीने अर्ध्या तासावर असलेल्या बोरिवलीच्या डोंगरात आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते, आणि तो फुलोरा त्यांनी एकदाही पाहिलेला नाही.

त्याचे कारण साधे आहे. कारवी फुलते ती भर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. म्हणजे ऐन चातुर्मासात. पायाखाली कोवळे गवत, शेवाळ, गोगलगायी, असंख्य सूक्ष्म जीव. त्या चार महिन्यांत रानवाटा तुडवायच्या नाहीत, हा नियम त्यांनी माहेरी घेतला आणि सासरी पाळला. २००८ साली सासरे मित्रांबरोबर जाऊन आले आणि सगळा उतार कसा जांभळा-निळा झाला होता ते रात्री जेवणानंतर सांगत बसले. २०१६ सालीही तेच. २०२४ मध्ये सासरे नव्हते. आम्ही उभयता मुलांना घेऊन गेलो, छायाचित्रे काढली, घरी येऊन त्यांना दाखवली. “तुम्ही येता का?” असे आम्ही त्यांना विचारलेही नव्हते. नाहीच म्हणतील, असे आम्हीच ठरवून टाकले होते. हे मला पुढे फार दिवस लागून राहिले.

म्हणून यंदा मार्गशीर्षात, पावसाळा सरून वाटा कोरड्या झाल्यावर, एका शनिवारी त्यांना घेऊन जायचे ठरले. (रविवारी रेल्वेच्या मेगाब्लॉकचे संकट असते आणि सोमवारी उद्यान बंद असते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.) चिरंजीवांची, म्हणजे माझ्या यजमानांची, कुरकुर होतीच.

“आई, तुला झेपणार नाही गं. सहा-सात किलोमीटर आहे.”

“रोज मंदिरात चालत जाते ती कोण जाते मग?” असे म्हणून त्यांनी कापडी बूट शोधायला घेतले.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. एवढे अरण्य एखाद्या महानगराच्या पोटात असावे, हे नवलच. याच डोंगरांच्या कुशीत विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० मध्ये पूर्ण झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. दहिसर नदी तुळशीच्या बाजूने निघून याच रानातून खाली येते. कुटुंबासाठी सोयीचा मार्ग म्हणजे प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंत उद्यानाच्या बसने वर जावे आणि डांबरी रस्त्याने पायी उतरावे. चढ नाही, वाट चुकण्याचे भय नाही. रानात शिरणाऱ्या पायवाटा मात्र परवानगी आणि वाटाड्या घेतल्याशिवाय धरू नयेत. हे बिबट्यांचे घर आहे. मुले मोठ्यांच्या मध्ये असावीत आणि उन्हे कलण्यापूर्वी बाहेर पडावे.

आम्ही आधी पोदनपूरच्या त्रिमूर्तींचे दर्शन घेतले. आदिनाथ, भरत आणि बाहुबली. आमच्या नऊ वर्षांच्या धाकट्याने बाहुबलींच्या पायांवर चढलेल्या वेलींकडे बोट दाखवून विचारले, “आजी, ह्या काढून का नाही टाकल्या?” आजी म्हणाल्या, “अरे, ते इतके स्थिर उभे राहिले की वेलींना ते झाडच वाटले.” यावर तो बराच वेळ गप्प होता. आमच्या घरात हे क्वचित घडते.

कान्हेरीला पायऱ्या चढताना आम्ही दर दहा-बारा पायऱ्यांवर थांबलो. पायऱ्यांच्या बाजूला आदिवासी पाड्यांवरच्या बाया काकड्या आणि पेरू घेऊन बसल्या होत्या. माकडे त्यांच्या टोपल्यांपेक्षा आमच्या पिशवीकडे अधिक लक्ष देत होती. खाऊची पिशवी हातात मिरवू नये, एवढा धडा तेथे फुकट मिळतो. लेणी शंभराहून अधिक आहेत. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे काळ्या पाषाणात हे काम चालले. कृष्णगिरी, म्हणजे काळा डोंगर, हेच कान्हेरीचे मूळ नाव. तिसऱ्या लेण्यातील चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतील दोन प्रचंड उभ्या बुद्धमूर्ती सगळेच पाहतात. सासूबाईंचे लक्ष गेले ते पाण्याकडे. लेण्यांबाहेर खडकात खोदलेली टाकी आणि त्यांत पावसाचे पाणी नेणारे बारीक पाट. शिलालेखांत अशा टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. “पावसाळ्यात भिक्षू इथेच राहत असतील,” त्या म्हणाल्या. “आपल्या मुनींसारखेच.” मग खडकातच कोरलेल्या आसनावर त्या टेकल्या. पार्ल्यात दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते आणि बोलणे अर्धवट तोडावे लागते. येथे त्यांचे वाक्य पुरे झाले, आणि त्यानंतरची शांतताही पुरी झाली.

उतरताना खरी गंमत आली. आम्ही तिघे-चौघे आपले भराभर पुढे. रान म्हणजे आमच्या लेखी वर पाहण्याची गोष्ट, म्हणजे पक्षी, माकडे, सागाचा शेंडा. सासूबाई मात्र ईर्यासमिती सांगते तशा, समोरची चार हात भूमी पाहून पाऊल टाकीत होत्या. मुनींसाठी सांगितलेला हा आचार श्रावकांनी यथाशक्ती पाळावा, एवढेच त्या मानतात. त्यावर कधी प्रवचन देत नाहीत. धाकटा कंटाळून त्यांच्याजवळ मागे राहिला, आणि पाहता पाहता सगळा शोध त्या दोघांकडे गेला. मुंगळ्यांची रांग रस्ता ओलांडत होती. तिच्यासाठी आजी थांबल्या, म्हणून तोही थांबला, आणि एक मुंगळा स्वतःहून मोठा पंख ओढून नेताना त्याला दिसला. कडेच्या झुडपात लाल मुंग्यांनी जिवंत पाने एकमेकांना जोडून केलेले घर होते. दोन झाडांमध्ये मोठ्या कोळ्याचे जाळे होते आणि उन्हात त्याचे धागे सोनेरी चमकत होते. आम्ही त्याच जागेवरून पाच मिनिटांपूर्वी काहीही न पाहता गेलो होतो. अखेर आम्हीच मागे आलो. तीन तास लागले. घरी सांगताना कोणीही तीन तास लागल्याची तक्रार केली नाही.

अर्ध्या वाटेवर एका उतारापाशी मी थांबले. रस्त्याच्या अगदी काठाला, हात लांबवला तर लागतील अशी, हातभर उंचीची नवी रोपे दाटीने उभी होती आणि त्यांच्यामध्ये काही जुन्या काळपट काड्या होत्या. कारवी एकदा फुलली की मरते, तिचे बी पडते आणि नव्या पिढीचा आठ वर्षांचा हिशेब सुरू होतो. वाळल्या काड्याही वाया जात नाहीत. त्यांचेच कूड विणून, वर माती-शेण लिंपून पाड्यांवरच्या झोपड्यांच्या भिंती उभ्या राहतात.

“आई, हीच ती कारवी,” मी म्हणाले.

त्यांनी वाकून पाहिले. मग मागे वळून डांबरी रस्ता पाहिला. मग पुन्हा रोपे.

“ही फुलते ती इथेच? रस्त्याच्या कडेला?”

“हो.”

“म्हणजे गवतात पाय घालावा लागत नाही.”

मी काही बोलू शकले नाही. २०१६ मध्येही हा रस्ता येथेच होता. २००८ मध्येही. बावन्न वर्षांत कोणी त्यांना एवढे सांगितले नव्हते, कारण त्यांच्या नियमाला धक्का न लावता त्यांना फुले कशी दाखवता येतील, हा विचारच आमच्यापैकी कोणी केला नव्हता. आम्ही नियमाचा आदर केला आणि तिथेच थांबलो.

“पुन्हा कधी फुलेल रे बाळा?” त्यांनी नातवाला विचारले.

“२०३२,” तो लगेच म्हणाला. मग बोटांवर मोजून, “मी सोळा वर्षांचा असेन. आजी, तू एक्याऐंशीची.”

“डांबरावरून चालायचे आहे ना? मग जमेल,” असे म्हणून त्यांनी पुढची चार हात भूमी पाहिली आणि पाऊल टाकले. घरी आल्यावर धाकट्याने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे : श्रावण २०३२, आजीला घेऊन जाणे.