मुंबई ते कराची अंतर किती?

मुंबई ते कराची हवाई अंतर सुमारे ९०० किलोमीटर. थेट विमानाने दीड-पावणेदोन तास. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचे विमान मुंबईला आणले, तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता. आज थेट विमान नाही. दुबईमार्गे जायचे तर तीन हजारांवर किलोमीटर, तेही व्हिसा मिळाला तर.

सुरक्षेचा प्रश्न खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण आम्हा कोकणी मुसलमानांची कित्येक घरे फाळणीने दोन्हीकडे वाटली गेली. बहिणीच्या जनाज्याला भाऊ पोहोचला नाही, तर कोणत्या देशाची सुरक्षा वाढते? कसून चौकशी करा, पण म्हाताऱ्या माणसांना तरी भेटू द्या, असे माझे दोन्ही सरकारांना सांगणे आहे.