‘ड्रामा’ बस झाला म्हणण्याआधी

घरात मूल रडू लागले किंवा रुसून बसले की आपण पटकन म्हणतो, “बस झाला तुझा ड्रामा!” आमच्याही तोंडी हे वाक्य असायचे, घरी आणि वर्गातही. गेल्या वर्षापासून आम्ही ते बोलायचे सोडले आहे. का, ते या महिन्यात सांगतो.

आमच्या नववीच्या वर्गातली एक मुलगी ऑगस्टपासून शाळेत येईनाशी झाली. अभ्यासात बरी, अक्षर सुरेख. आम्ही तिच्या घरी गेलो. सलाम-दुआ झाली, अम्मीने चहा केला. अब्बांनी तर शिक्षणाचे महत्त्व आमच्यापेक्षा चांगले सांगितले आणि म्हणाले, “सोमवारपासून पाठवतो, इन्शाअल्लाह.” मुलगी दाराआडून ऐकत होती. तिला कोणी काही विचारले नाही. आम्हीही नाही. तो सोमवार गेला, त्यानंतरचे तीन सोमवारही गेले.

त्याच सुमारास ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांच्याविषयी आमच्या वाचनात आले. तिथल्या लष्करी राजवटीने १९७१ साली त्यांना अटक करून छळले आणि मग त्यांना देश सोडावा लागला. १९७३ मध्ये ते पेरू देशात प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत काम करत होते. त्यांची पद्धत साधी होती. लोकांच्याच आयुष्यातली अडचण नाटकातून दाखवायची, पेच आला की नाटक थांबवायचे आणि विचारायचे, “आता काय करावे?” प्रेक्षक सुचवतील तसे नट करून दाखवत.

तिथला एक किस्सा बोआल यांनी लिहून ठेवला आहे. एका बाईला नवऱ्याने कागदांचा गठ्ठा दिला होता आणि महत्त्वाचे कागद आहेत, जपून ठेव, असे सांगितले होते. तिला वाचता येत नव्हते. एकदा तिने शेजारणीकडून ते वाचून घेतले, तर ती दुसऱ्या बाईची प्रेमपत्रे निघाली! आता नवरा घरी आल्यावर तिने काय करावे? प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई म्हणाली, “त्याच्याशी स्पष्ट बोलावे.” नटीने स्पष्ट बोलून दाखवले. बाईला पटेना. पुन्हा दाखवले, तरी पटेना. शेवटी बोआल म्हणाले, “मग तुम्हीच या आणि दाखवा.” ती बाई उठली आणि तिने झाडू घेऊन नवरा झालेल्या नटाला बडवायला सुरुवात केली! तिच्या मनातले ‘स्पष्ट बोलणे’ हे होते.

आम्ही झाडूची शिफारस करत नाही. पण ज्याचे दुखणे आहे त्याच्या मनातले दुसऱ्याला करून दाखवता येत नाही, हे त्या दिवशी बोआल यांना कळले. पुढे या प्रकाराला ‘फोरम थिएटर’ म्हणू लागले. त्यात प्रेक्षक नुसता बसून राहत नाही. तो “थांबा” म्हणतो, उठतो, पीडिताच्या जागी उभा राहतो आणि वेगळे काही करून पाहतो. खेळ चालवणाऱ्याला ‘जोकर’ म्हणतात. पत्त्यांतल्या जोकरासारखा तो कोणत्याच बाजूचा नसतो. जुलूम करणारा एकाएकी सज्जन झाला असे दाखवले, तर प्रेक्षक ती ‘जादू’ आहे म्हणून हरकत घेतात. घरात आणि गल्लीत जादू होत नसते.

आम्ही हे वर्गात करून पाहायचे ठरवले. स्टेज नाही, मेकअप नाही. शुक्रवारचा शेवटचा तास, बाके मागे सरकवलेली, मुली आणि फळा. नाव बदलले, घर बदलले, गोष्ट कोणाची ते सांगितले नाही. विषय एवढाच दिला की एका मुलीची शाळा सुटते, ती कशी? आम्हाला वाटले होते, मुली कडक बाप दाखवतील. त्यांनी दाखवला शाळेचा दरवाजा. एक मुलगी धापा टाकत उशिरा आली. टीचर झालेली मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “आ गई महारानी? बाहेर उभी राहा!”

आवाज आमचा होता, हातही आमचेच. वर्ग खदखदून हसला आणि मग आमच्याकडे बघून गप्प झाला.

आम्ही विचारले, “उशिरा आलेल्या मुलीच्या जागी कोण येते?” पहिलीने माफी मागितली, तिला बाहेरच उभे राहावे लागले. दुसरीने पोटदुखीचे कारण दिले, ते पकडले गेले. एकीने सुचवले, “टीचरच चांगली होते असे दाखवू या.” बाकीच्या ओरडल्या, “जादू! जादू!” तिसरी पुढे आली आणि खाली बघत म्हणाली, “टीचर, नळाला पाणी साडेसहाला येते. अम्मी कामावर जाते. पाणी मी भरते, धाकट्याला अंगणवाडीत सोडते. मी पळतच येते, टीचर.” टीचर झालेल्या मुलीला यावर काही सुचेना. आम्हालाही सुचले नाही.

जुलै महिन्यात ती न येणारी मुलगी किती वेळा दरवाज्याबाहेर उभी राहिली असेल, हे आम्ही हजेरीपटात पाहिले. अकरा लेटमार्क होते. आणि आम्ही तिच्या बापाला समजवायला गेलो होतो!

बोआल पुढे युरोपात गेले. तिथे लोक एकटेपणाच्या, बोलता न येण्याच्या तक्रारी घेऊन येत. आधी त्यांना प्रश्न पडला की इथे पोलीस कुठे आहेत, छळ कुठे आहे? मग लक्षात आले की पोलीस लोकांच्या डोक्यात बसले आहेत. आपल्या मुलींच्या डोक्यातही असा एक पहारेकरी असतो. तो म्हणतो, “मोठ्यांपुढे बोलायचे नाही.” सब्र म्हणजे गप्प बसणे, असे आम्हीच त्यांना नकळत शिकवले की काय, हे तपासायला हवे. खेळात एकदा बोललेले वाक्य खऱ्या दारात बोलायला थोडे सोपे जाते. मन मोकळे होण्याची सुरुवात तिथे होते.

हे एकट्यादुकट्यापुरते राहत नाही. आपल्याच देशात, बंगालच्या सुंदरबन भागात, ‘जन संस्कृती’ ही १९८५ मध्ये सुरू झालेली संस्था खेड्यापाड्यांत अशी नाटके करते आहे. हुंडा, दारू, मुलींचे लग्न यांवर गावकरी स्वतः उठून उत्तरे शोधतात. बोआल स्वतः १९९३ ते १९९६ रिओ शहरात नगरसेवक होते. त्या काळात लोकांच्या नाटकांतून आलेल्या सूचनांवरून तिथे १३ कायदे झाले. रस्त्यावरच्या टेलिफोनच्या पेटीवर आंधळ्यांचे डोके आपटे, कारण खाली काठीला काही लागत नसे. म्हणून खाली ओटा बांधण्याचा नियम झाला. हे आंधळ्या माणसाखेरीज कोणाला सुचले असते?

एक सावधगिरी मात्र हवी. मारहाण, अत्याचार, घरातला मृत्यू अशा खोल जखमा चारचौघांत खेळायला लावू नयेत. तिथे विश्वासातले माणूस आणि जाणकार समुपदेशक हवा. कोणालाही बळजबरीने उठवू नये आणि खेळातले बोलणे घरी जाऊन चघळू नये.

घरी करून पाहायचे असेल तर एखाद्या संध्याकाळी जागा बदला. अम्मी मुलगी होईल, मुलगी अम्मी होईल, भांडण कालचेच असू द्या. मूल तुमची नक्कल करेल तेव्हा राग येईल. आम्हालाही आला होता.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. या वेळी मुलीला समोर बसवले, आधी आमची चूक सांगितली आणि मग तिला विचारले. ती दिवाळीनंतर शाळेत येऊ लागली. उशिरा येणाऱ्या मुली आता आत येऊन बसतात, कारण नंतर विचारले जाते. नळाला पाणी अजून साडेसहालाच येते. गल्लीतल्या बायकांनी वेळ बदलण्यासाठी नगरपरिषदेत अर्ज दिला आहे. अर्ज मुलींनीच लिहिला, मराठीच्या तासाला. उत्तर आलेले नाही. पुढच्या महिन्यात त्या सगळ्या मिळून विचारायला जाणार आहेत. कोणी काय बोलायचे, याचा सराव वर्गात चालू आहे.