जुन्या रायफलीचें नांव

वाडवडिलांची वस्तु टाकवत नाहीं, हा मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखाच. अमेरिकेंतील पुष्कळ घरांत आजोबांची एखादी .२२ रायफल अडगळींत पडलेली असते. तिचा जीर्णोद्धार करूं पाहणारास खरी अडचण गंजाची नसून नांवाची असते. सन १९६८ च्या कायद्यापूर्वीं तेथें अशा स्वस्त रायफलींवर अनुक्रमांक घालण्याची सक्ती नव्हती. शिवाय सीअर्ससारखे व्यापारी दुसऱ्यांकडून घडवून घेतलेल्या रायफली आपण योजलेल्या नांवानें विकीत. म्हणून नळीवरील अक्षरें व बोल्टची ठेवण पाहून मूळ कारखाना आधीं हुडकावा. सुटा भाग मग मागवावा.

भाग बसला म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेंत असतो. आघात करणारी सुई लांब असली, तर रिकामा चाप ओढतांना नळीचें तोंड चेपतें. आखूड असली, तर बार फुकट जातो. बोल्ट झिजून सैल झाला, तर कड फाटून तप्त वायु तोंडावर येण्याचें भय असतें. यास्तव जाणत्या कारागिरानें तपासल्यावांचून बार काढूं नये. आजोबांची आठवण भिंतीवरहि शोभते. गेलेला डोळा मात्र परत येत नाहीं.